अ‍ॅक्सोलॉटलचे कल्ले आखूड होतायत, पापण्या येतायत : पुण्याच्या उन्हाळ्यात याला जमिनीवर कसं घ्यावं?

हिरवी_गॅलरी | सोमवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. एरवी मी बागकामाच्या धाग्यांवर पडीक असते, प्राण्यांच्या विभागात पहिल्यांदाच लिहितेय.

भाचा शिक्षणासाठी बाहेरगावी गेला आणि त्याचा अ‍ॅक्सोलॉटल (पाण्यातच जन्म काढणारा सॅलमँडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा उभयचर) आमच्याकडे कर्वेनगरला मुक्कामाला आला. नाव बंड्या. काळपट हिरवा, वीतभर लांब, वय वर्षाच्या आतलं. भाचा शिकवून गेला त्याप्रमाणे टेस्ट किटने पाणी तपासते. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट वीसच्या आत. चिलर लावलेला आहे, पाणी १७-१८ अंशांवर असतं.

आता मुद्दा. त्याचे ते झुपकेदार कल्ले आखूड व्हायला लागलेत. आधी वाटलं आजारी आहे. पण शेपटीवर आणि पाठीवर जो पातळ पडदा असतो तोही आक्रसलाय, शेपटी गोलसर दिसते. डोळे वर आलेत आणि खाली बारीकशी कड आलीय. आज सकाळी फिल्टरच्या स्पंजला कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखं काहीतरी अडकलेलं दिसलं. चिमट्याने काढून बशीत पसरलं तर पुढच्या पायाची चारही बोटं त्यात मोज्यासकट आल्यागत शाबूत! खाणं जवळपास बंद. दिवसभर फिल्टरच्या पाइपावर पुढचे पाय टेकवून नाक पाण्याबाहेर काढून बसतो.

ज्या दुकानातून आणला तिथे फोन केला. "पाणी बदला, मीठ टाका, होईल ठीक." मला नाही पटलं. इथे कुणी हे पाहिलंय का? बाहेर ३९ अंश आहे, त्याला पाण्यातून काढून ठेवायचं तरी कुठे?

---

रविवारपेठी | सोमवार, रात्री १०.३१

रुमाल टाकून ठेवतो. ताई, बंड्याचं कल्याण होवो, पण फोटो टाका की!

---

टाकी_आणि_तोटी | सोमवार, रात्री ११.०५

हिरवी गॅलरी, मीठ अजिबात नको. तुम्ही जे लिहिलंय ते आजारपण नाही, बंड्या जमिनीवर यायला निघालाय. माझ्याकडे एक असाच निघाला होता.

ओळखायचं कसं ते सगळ्यांसाठी लिहितो, कारण दर उन्हाळ्यात कुणीतरी घाबरून हाच प्रश्न घेऊन येतं. नुसते कल्ले आखूड झाले तर आधी पाण्याकडे बघा. गरम पाणी, अमोनिया, यांनी कल्ल्यांची पिसं झडतात. उलट पाण्यात प्राणवायू भरपूर असेल तरीही ती छोटी राहतात, त्यात काळजीचं काही नसतं. कल्ले पुढच्या बाजूला वळले, शेपटीचं टोक मुडपलं, तर तो ताण. पण शेपटीचा पडदा जातोय, पापण्या येतायत, कात टाकतोय आणि नाक वर काढून हवा घेतोय, हे सगळं एकत्र दिसलं की शंका नको.

आज रात्रीच करायचं ते असं. पाणी इतकं कमी करा की तळाला पाय टेकवून उभं राहिल्यावर नाक सहज बाहेर येईल. एका बाजूला उतार हवा. सोपा उपाय म्हणजे प्लास्टिकचा मोठा टब घ्या, एका टोकाखाली लाकडी ठोकळा सारा. एका बाजूला चार बोटं पाणी, दुसरी बाजू नुसती ओली. ओल्या बाजूला बिनवासाचा टिश्यू पेपर भिजवून अंथरा आणि लपायला फुटक्या माठाचं खापर पालथं घाला. खापराच्या कडा आधी घासून बोथट करा.

त्याला उचलून कोरड्यावर ठेवू नका. तो स्वतः चढेल. काही रात्री बाहेर, दिवसा पाण्यात, असं चालेल, चालू द्या. कल्ल्यांच्या खाचा बुजल्या की मात्र खोल पाण्यात बुडून मरू शकतो, म्हणून उतार आधी.

वरून जाळी घट्ट बसवा. हे अर्धवट अवस्थेतले प्राणी ओल्या भिंतीला चिकटून वर चढतात. माझा कपाटामागे सापडला होता, धुळीने माखलेला. वाचला.

---

हिरवी_गॅलरी | मंगळवार, सकाळी ७.२०

तात्या (म्हणू ना?), खूप धन्यवाद. रात्रीच टब लावला. सकाळी बघते तर बंड्या अर्धा पाण्यात, अर्धा टिश्यूवर, हनुवटी खापराच्या कडेवर. फिल्टर कुठे लावू? एवढ्याशा पाण्यात बसतच नाही.

---

टाकी_आणि_तोटी | मंगळवार, सकाळी ७.४८

तात्या चालेल. फिल्टर विसरा. पाणी थोडं म्हणजे अमोनिया लवकर चढतो, म्हणून रोज पूर्ण पाणी बदला आणि टिश्यूसुद्धा. नळाचं पाणी असेल तर अँटिक्लोरीन घालून, नव्या पाण्याचं तापमान जुन्याच्या जवळ आणून मग ओता. त्याची कातडी आपल्यासारखी नाही, पाण्यात जे असेल ते सरळ आत जातं. हाताला साबण, सनस्क्रीन, डास पळवायचं मलम असलं काही असेल तर टबात हात घालू नका.

---

निवांत_नळस्टॉप | मंगळवार, दुपारी १२.१०

मस्त विषय! माझ्या मुलीकडे पांढरा अ‍ॅक्सोलॉटल आहे. हा धागा वाचल्यापासून तिचं टुमणं सुरू झालंय की आपलाही जमिनीवर आणू. नेटवर वाचलं की आयोडीनचे थेंब घातले की होतं. कुणी प्रमाण सांगेल का?

---

बेडूकमास्तर | मंगळवार, दुपारी ३.४०

नळस्टॉप, प्रमाण कुणी सांगू नये आणि तुम्ही विचारू नये. रागावून नाही म्हणत, तीस वर्षं महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवल्याची सवय आहे. जरा सविस्तर लिहितो.

बेडूकमासा बेडूक होतो, टायगर सॅलमँडरची अळी मोठी होऊन जमिनीवर येते. अ‍ॅक्सोलॉटल त्याच कुळातला, पण तो अळीच्या रूपातच वयात येतो, अंडी घालतो, म्हातारा होतो. कारण संप्रेरकांचं. त्याची पीयूष ग्रंथी थायरॉइडला पुरेसा धक्का देत नाही, त्यामुळे रक्तातलं थायरॉक्सिन रूपांतर होण्याइतकं चढत नाही. ऊतींना मात्र ते संप्रेरक ओळखता येतं. जुनं यंत्र आत शाबूत आहे, किल्ली फिरवणारं कुणी नाही.

ही गोष्ट कळली तीही योगायोगाने. १८६४ साली मेक्सिकोहून काही अ‍ॅक्सोलॉटल पॅरिसला आले. ऑग्युस्त द्युमेरील यांच्याकडे त्यांची पिल्लं झाली आणि १८६५ मध्ये त्यातल्या काहींचे कल्ले गळून चक्क सॅलमँडर उभे राहिले. तोवर बऱ्याच जणांना वाटत होतं की अ‍ॅक्सोलॉटल हा वेगळाच पूर्ण वाढलेला प्राणी. पुढच्या दशकात जर्मनीत मारी फोन शॉव्हिन यांनी पाणी हळूहळू कमी करत, अत्यंत चिकाटीने, काहींना जमिनीवर आणलं. १९१३ मध्ये लाउफबर्गर यांनी आणि १९२० मध्ये ज्युलियन हक्सली यांनी थायरॉइड ग्रंथी खाऊ घालून तेच करून दाखवलं. हक्सलींची बातमी तेव्हा वर्तमानपत्रांत गाजली होती.

म्हणजे करता येतं, हे शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय. घरी पुन्हा सिद्ध करून काय मिळणार? संप्रेरकाचा किंवा आयोडीनचा डोस जरा चुकला तर एक अवयव बदलतो आणि दुसरा मागे राहतो. कल्ले गेले पण फुप्फुसावर भागत नाही, अशा अवस्थेत प्राणी मरतो. जगला तरी जबरदस्तीने बदललेले बहुधा अल्पायुषी ठरतात. नीट सांभाळलेला पाण्यातला अ‍ॅक्सोलॉटल दहा वर्षं आणि त्याहून जास्त सहज जगतो. मुलीला खरंच रूपांतर दाखवायचं असेल तर आपला पावसाळा येऊ घातलाय. डबक्यातले बेडूकमासे डबक्याशीच बसून रोज बघा. फुकट आहे आणि कुणाच्या जिवावर बेतत नाही.

बंड्याचं प्रकरण वेगळं, त्याचं आपसूक झालंय. प्रयोगशाळांमधल्या वंशात १९६२ साली टायगर सॅलमँडरचा संकर केला गेला होता आणि आज जगभर पाळले जाणारे बरेच अ‍ॅक्सोलॉटल त्या वंशाशी नातं सांगतात. एखाद्यात ती जुनी सवय डोकं वर काढत असेल. दुसरी शक्यता, पाण्यातच आयोडीन जास्त आहे. ताई, भाच्याने टाकीत कसलं 'मिनरल' वगैरे घातलंय का ते विचारा.

---

निवांत_नळस्टॉप | मंगळवार, दुपारी ४.०२

बरं मास्तर, पटलं. मुलीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. आता ती "पाऊस कधी" म्हणून मागे लागलीय.

---

संपादक मंडळ | मंगळवार, सायंकाळी ६.३०

या धाग्यावर एका सदस्याने आयोडीनची मात्रा लिहिली होती, तो प्रतिसाद काढला आहे. कृपया पुन्हा टाकू नये.

---

कागदपत्रे_पूर्ण | मंगळवार, रात्री ९.१५

विषय थोडा रुक्ष आहे, पण कुणीतरी लिहायलाच हवं. अ‍ॅक्सोलॉटल साइटीसच्या (धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली तेव्हा साइटीसमधल्या प्रजाती चौथ्या अनुसूचीत आल्या आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने 'परिवेश २.०' पोर्टलवर नोंदणी करायची असते. नवा प्राणी हातात आला की तीस दिवसांत. ताई, प्राणी तुमच्या भाच्याच्या नावावर नोंदलेला आहे का, आणि आता तो तुमच्या ताब्यात आहे याची नोंद कशी करायची, हे वन विभागाकडून खात्री करून घ्या. दुकानाची पावती असेल तर जपून ठेवा.

शिवाय, उद्या कुणी "हिमालयन सॅलमँडर आणून देतो" म्हणालं तर तिथूनच मागे फिरा. तो दार्जिलिंग-सिक्कीमकडचा आपला रानातला प्राणी (सह्याद्रीत सॅलमँडर नाहीतच), कायद्याने संरक्षित. पाळता येत नाही.

---

रविवारपेठी | मंगळवार, रात्री ९.२२

सह्याद्रीत सॅलमँडर नाहीत हे मला आजच कळलं. मी लहानपणी ताम्हिणीत एक गुळगुळीत गांडुळासारखं पण जबडा असलेलं काहीतरी पाहिलं होतं ते मग काय?

---

बेडूकमास्तर | मंगळवार, रात्री १०.००

देवगांडूळ. बिनपायाचा उभयचर, बेडकाचा आणि सॅलमँडरचा दूरचा भाऊबंद. लोक साप समजून ठेचतात. अवांतर होतंय, पण सांगण्यासारखं आहे म्हणून सांगतो: त्यातल्या इक्थिऑफिस गटातली मादी पाण्याजवळच्या ओल्या मातीत अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते. पिल्लं पाण्यात वाढतात आणि मग कायमची मातीत जातात. म्हणजे बंड्या जे करतोय ते आपल्या घाटातही चालू असतं, फक्त आपण खाली बघत नाही.

---

हिरवी_गॅलरी | शुक्रवार, रात्री ८.५०

सर्वांचे आभार. ताजी खबर.

भाच्याला विचारलं, त्याने काही घातलेलं नव्हतं. नोंदणी त्याने केलेली आहे, ताब्याचं काय ते तो वन विभागाशी बोलून सांगतोय.

बंड्याचे कल्ले आता नुसत्या गाठी उरलेत. काल रात्री पूर्ण बाहेर होता. अंगावर पिवळट ठिपके उमटायला लागलेत, आधी मुळीच नव्हते. पापण्या मिटतो! पाण्यात असताना तो सदा टक लावून बघतोय असं वाटायचं, आता डोळे मिचकावतो, आणि घास गिळताना डोळे आत ओढून घेतो. माझ्या सासूबाई एरवी टाकीकडे ढुंकून बघत नसत, त्या आता चहा घेऊन टबापाशी बसतात.

काळजी खाण्याची आहे. घास गिळतो म्हटलं खरं, पण एकच छोटा तुकडा घेतला. बारीक झालाय. माझ्या कंपोस्टच्या डब्यातली लाल गांडुळं दिली तर तोंडात धरून थुंकली.

---

टाकी_आणि_तोटी | शुक्रवार, रात्री ९.३०

थुंकणारच. गांडूळखतातली ती लाल-पट्टेरी जात त्रास झाला की पिवळा, कडवट वासाचा द्रव सोडते. बऱ्याच अ‍ॅक्सोलॉटलांना ती चालत नाही. बागेतली साधी करडी गांडुळं द्या, पण औषध फवारलेल्या मातीतली नकोत. तुमची स्वतःची बाग आहे, म्हणजे तुम्हाला माहीत असेल कुठे काय फवारलंय.

रूपांतर चालू असताना न खाणं नेहमीचं आहे. तोंडाची सगळी रचना बदलते. पाण्यात तो तोंड उघडून पाण्याबरोबर घास आत ओढायचा, जमिनीवर जीभ पुढे काढून पकडावा लागतो. ते जमायला वेळ लागतो. जबरदस्तीने तोंड उघडू नका. रात्री दिवे मालवल्यावर बोथट चिमट्यात गांडूळ धरून त्याच्यासमोर जरा हलवा. जमिनीवर आल्यावर हलणाऱ्या वस्तूकडेच त्याचं लक्ष जातं, समोर ठेवलेला मेलेला तुकडा त्याला दिसतच नाही म्हणा ना. नीट खायला लागला की अधूनमधून नाकतोडे, त्यांना कॅल्शियमची भुकटी लावून. चिकन, मटण, माशाचा तुकडा यांच्या नादी लागू नका.

बारीक होतो हे खरं. पण कंबरेची हाडं दिसायला लागली किंवा कातडीवर लाल चट्टे आले, तर थांबू नका, उभयचर बघणारा पशुवैद्य गाठा. कुत्र्यामांजरांचे सगळेच डॉक्टर हे बघत नाहीत, फोनवर आधी विचारा.

---

रविवारपेठी | शुक्रवार, रात्री ९.४५

ताई, फोटो!!

---

हिरवी_गॅलरी | शनिवार, सकाळी ११.१०

काल रात्री गुलाबाच्या कुंडीतलं करडं गांडूळ दिलं. दोनदा हुकलं, तिसऱ्यांदा डोकं वाकडं करून असं झडप घालून घेतलं की मी चिमटा सोडूनच दिला. फोटो वर मूळ पोस्टमध्ये टाकलाय, रविवारपेठींच्या समाधानासाठी.

आता कायमच्या घराचं सांगा. टिश्यूवर किती दिवस ठेवायचं? आणि उकाडा. पाण्याला चिलर होता, हवेला काय लावू? दिवसभर एसी परवडणारा नाही.

---

टाकी_आणि_तोटी | शनिवार, दुपारी १.००

कल्ले पूर्ण बुजून, नियमित खायला लागेपर्यंत टिश्यूच. त्यावर शी, कात, जखम सगळं दिसतं. मग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. नर्सरीत विटेच्या आकाराचं मिळतं ते, पण खत मिसळलेलं नको. दोन-तीनदा धुऊन घट्ट पिळायचं. मुठीत दाबलं तर थेंब पडू नये, पण मूठ ओली व्हावी, इतपत ओल. चार-पाच इंच थर द्या, तो पुरून घेईल आणि तुम्हाला दिसणारच नाही. जमिनीवरचा सॅलमँडर असाच असतो. ज्यांना बघायला प्राणी हवा असतो ते इथे हिरमुसतात. एका टोकाला ओल, दुसऱ्या टोकाला जरा कमी, म्हणजे त्याला हवं तिथे जाईल. पाण्याची उथळ बशी ठेवा, त्याच्या नाकाहून खोल नको. वाळू आणि बारीक खडी टाळा, घासाबरोबर पोटात जाते.

उकाड्याबद्दल मास्तर किंवा बाकीचे लिहितील, माझ्याकडे खोलीत एसी आहे.

---

वाडा_कॉलनी | शनिवार, दुपारी ३.२५

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मी सॅलमँडर पाळत नाही, पण बिनविजेचं थंड ठेवणं हा माझा जुना छंद आहे, म्हणून तोंड घालतो.

आपल्या एप्रिल-मेची दुपार कोरडी असते. म्हणजे माठ जोरात काम करतो. मातीची मोठी पसरट कुंडी घ्या, रंग न दिलेली, तळाचं भोक बुजवलेली. तिच्यात जाड थर वाळूचा, वाळू भिजवा, आणि त्या वाळूत कोकोपीटची छोटी मातीची कुंडी बसवा. प्राणी आतल्या कुंडीत, वर जाळी, जाळीवर ओलं गोणपाट अर्धं टाकायचं. अर्धंच, हवा खेळायला हवी, सगळं झाकलं तर बाष्पीभवन थांबतं आणि आत वाफारा होतो. हे सगळं जमिनीवर, उत्तरेकडच्या खोलीत, फरशीला टेकवून. पश्चिमेच्या गॅलरीत तर चुकूनही नको. पंखा बाहेरच्या कुंडीवर लावा, प्राण्यावर नको, नाहीतर तोच सुकेल.

खोलीपेक्षा पुष्कळ अंश खाली मिळतात. पण आत थर्मामीटर ठेवा, अंदाजावर जाऊ नका. वाळू दिवसातून दोनदा भिजवा.

---

टाकी_आणि_तोटी | शनिवार, दुपारी ४.१०

वाडा कॉलनी, हे मी लिहून घेतोय. ताई, आत २० च्या आसपास ठेवायचं बघा. २४ च्या वर सलग जात असेल तर गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून कुंडीच्या बाहेरून टेकवा. दोन बाटल्या फ्रीजरमध्ये फिरत्या ठेवायच्या. आणि तरीही जमलं नाही तर दुपारी बारा ते पाच एसीच्या खोलीत, इलाज नाही. अगदीच शक्य नसेल तर ज्याच्याकडे सोय आहे अशा माणसाला द्या, कागदपत्रांसकट. पण मुठेत, पाषाण तलावात वगैरे सोडायचा विचारसुद्धा नको. उजनी धरणात चिलापी ही बाहेरून आलेली मासळी कशी माजली ते ठाऊक आहेच.

---

दादरकर_काकू | रविवार, सकाळी ९.०५

फारच उपयुक्त धागा. माझ्या नातवाकडे फायरबेली न्यूट (सॅलमँडरचाच एक प्रकार) आहे, त्याच्यासाठी हा कुंडीचा प्रयोग मुंबईत चालेल का?

---

वाडा_कॉलनी | रविवार, सकाळी ९.४०

नाही काकू. तुमच्याकडे हवाच दमट, पाणी उडणार कुठे? पुण्यातही जूनमध्ये पाऊस लागला की ही कुंडी निकामी होते, फक्त तेव्हा बाहेरच गार असतं. मुंबईत एसीची खोली किंवा गोठवलेल्या बाटल्या. आणि न्यूट कोणत्या जातीचा आहे ते आधी इथे लिहा, त्यातले बरेच मोठे झाल्यावरही पाण्यातच राहतात. तसा असेल तर त्याला कुंडीत घालायचं कामच नाही.